हद्दीच्या आडोशाला

सभेत माझी ओळख करून द्यायचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘फिरंग्यांनी जिचा संसार मोडला, ती ही आपली भगिनी.’ वाक्य माझंच. पहिल्यांदा मीच ते पत्रकात लिहिलं आणि मग सगळ्यांनी उचललं. जगलबेटला, जोयड्याला, नंदिगड्ड्याला, अणशीच्या शाळेपुढे, जिथे म्हणून चार माणसं जमली तिथे ते बोललं गेलं, आणि दर वेळी बायकांनी डोळ्याला पदर लावला. व्यासपीठ म्हणजे बहुधा कुणाची तरी बैलगाडी. गाडीवर मी उभी आणि माझ्या पायाशी माझा मुलगा, पाठीवर वेणी सोडून बसलेला.

ते वाक्य खोटं होतं. फिरंग्यांनी बरंच काही मोडलं असेल, त्याचा हिशेब वेगळा. माझा संसार मी मोडला.

माझं माहेर कॅसलरॉकचं. सुपे तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्यावर, हिंदुस्थानची रेल्वे संपून पोर्तुगालची सुरू व्हायची ते हे स्टेशन. वडील लवकर गेले. थोरला भाऊ, अण्णा, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये कामाला होता. आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, रेल्वेच्या खोलीत त्याच्याजवळच राहायची. माझं लग्न घाटाखाली लावून दिलं. घाटाखाली म्हणजे गोव्यात. तो परदेश आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मनातून कुणालाच पटलेलं नव्हतं. आमच्या मुली खाली द्यायच्या, खालच्या सुना वर आणायच्या, हे आजोबा-पणजोबांपासून चाललेलं. सासर आणि माहेर यांच्यामध्ये एक आगगाडी, काही बोगदे, एक धबधबा आणि दोन जकात-चौक्या. वरचा हिंदी शिपाई लाडवांचा डबा उघडून बघायचा, खालचा पोर्तुगीज शिपाई त्यातला एक खायचा. एवढाच काय तो परदेश.

नवऱ्याचं खालच्या स्टेशनजवळ दुकान होतं. गूळ, घासलेट, छत्र्या, साबण. पाखले, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, सिगारेटी घ्यायला येत. ते आले की तो डोक्यावरची टोपी काढायचा. त्या टोपीचा मला असा राग यायचा की जेवण जायचं नाही. मी बेळगावला आत्याकडे राहून फायनलपर्यंत शिकलेली. तिथे पोरवयातच प्रभातफेऱ्या, घोषणा, दारोदार पत्रकं. मला वाटे, सगळं जग पत्रकासारखं असतं: वर मोठ्या अक्षरांत अन्याय, खाली आपलं कर्तव्य, आणि मध्ये शंकेला जागा नाही.

मुलगा झाला. तिकडच्या दप्तरात तो पोर्तुगालचा प्रजाजन म्हणून चढला, आणि आई हिंदी म्हणून वर आणला की वरचे लोक त्याला हिंदीच धरत. एक पोर आणि त्याच्यावर दोन सरकारांचा हक्क. यावर झकास पत्रक होईल, असं माझ्या मनात आलं होतं. बाळंतपणाच्या खाटेवर! मी खोटं सांगत नाही.

पोराचं जावळ मात्र राहून गेलं. आमच्यात पहिले केस बापाच्या कुळदेवापुढे काढतात, आणि काढताना पोर मामाच्या मांडीवर असावं लागतं. दोन्ही हवं, बापाचा देव आणि आईचा भाऊ. देव खाली, भाऊ वर. त्या दिवसांत सत्याग्रही घुसतील या भीतीने वरच्या तरण्या माणसाला खाली यायचा पास मिळेना. अण्णाने दोनदा मागितला, दोनदा नाकारला. पोराचे केस कानाखाली आले, मग खांद्यावर. सासूबाई त्याला तेल लावताना म्हणायच्या, देवाचं देणं आहे, देव बघून घेईल.

मी माहेराहून येताना मिरच्यांच्या पोत्यात पत्रकं घालून आणायची. चौकीवरचा शिपाई पोत्यात हात घालायचा, शिंकत सुटायचा आणि मला पुढे घालवायचा. ती पत्रकं मी खाली बायकांत वाटायची. नवऱ्याला माहीत नव्हतं असं मला वाटायचं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. एके सकाळी शेजारच्या घराची झडती सुरू झाली, तेव्हा त्याने सरळ मिरच्यांच्या पोत्यात हात घातला, गठ्ठा काढला, न्हाणीतल्या हंड्याखाली घातला आणि पेटवला. पाणी तापलं. त्या पाण्याने त्याने पोराला अंघोळ घातली. तेवढ्यात पोलीस आले. घर बघितलं, न्हाणी बघितली, बाप पोराचं डोकं पुसतोय ते बघितलं आणि गेले.

‘भित्रा!’ मी म्हणाले.

‘तूं शूर आसा, हांव ना,’ तो म्हणाला. ‘पूण पोर दोगांचें.’

त्याने मला तुरुंगातून वाचवलं होतं. हे मला पुढे कधीतरी उमगलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. कळूनही मी त्याच्याशी बोलले नाही, आणि आठवड्याच्या आत अव्वा आजारी आहे असा निरोप आल्याची बतावणी केली.

अव्वा ठणठणीत होती. नवऱ्याने धावपळ करून माझा आणि पोराचा पास काढला. स्टेशनवर ट्रंक स्वतः उचलून डब्यात ठेवली. खिडकीतून म्हणाला, पोराला घट्ट धर. अण्णाचा पास पुन्हा मागून ठेवतो, तू येशील तेव्हा अण्णाही बरोबर येईल आणि जत्रेला जावळ काढू, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. गाडी हलली तेव्हा त्याने टोपी काढून हलवली, पोरासाठी. मी बघत होते. मी परत येणार नाही हे मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं, आणि मी बघत होते.

वर आल्यावर अण्णाला सांगितलं, मी जात नाही परत. अण्णाने भांडण केलं नाही. ‘त्यानं मारलं काय तुला?’ ‘नाही.’ ‘पितो?’ ‘नाही.’ ‘मग काय केलं?’ मी पत्रकांचं सांगितलं. अण्णा म्हणाला, ‘येवढंच व्हय?’

मी त्याला गुलामगिरीवर भाषण दिलं. तो उठून ड्युटीवर गेला.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काही आठवड्यांतच आपल्या सरकारने नाकेबंदी कडक केली आणि गाडी बंद झाली. कॅसलरॉकच्या पुढचे रूळ गंजायला लागले. वरच्या मुली खाली अडकल्या, खालच्या सुना वर अडकल्या, आमच्या भागात घरोघरी रडारड. मी अंगणात उभी राहून रिकामे रूळ बघितले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला उत्तर द्यायला नको. हद्द बंद आहे, मी काय करणार?

ज्या हद्दीला मी पत्रकापत्रकातून खोटी, कृत्रिम, लुटारूंनी आखलेली रेघ म्हणत होते, तिच्याच आडोशाला मी पोराला घेऊन जाऊन बसले. त्या काळात आमच्या तालुक्यात त्या हद्दीचा फायदा झालेली माझ्याइतकी दुसरी बाई नसेल.

मग एक पुढारी आले. बेळगावकडचे, खादीचे, आवाज चांगला. त्यांना आमच्या भागात सभा घ्यायच्या होत्या आणि बोलणारी बाई हवी होती. त्यांनी पोराकडे बघितलं. ‘याचे केस असे का?’ मी जावळाचं सांगितलं. ते एकदम पुढे सरकले. ‘म्हणजे फिरंग्यांमुळे या बाळाचं जावळ अडलंय! बापाच्या देवापर्यंत जाता येत नाही! ताई, हे लोकांना कळलं पाहिजे.’

मला तरी कुठे सांगावं लागलं? पुढच्याच सभेत, तिनईघाटाला, मी गाडीवर उभी राहून शपथ घेतली की गोवा मुक्त होईपर्यंत माझ्या पुत्राच्या केसांना वस्तरा लागणार नाही. टाळ्यांनी गाडीचे बैल बिथरले. पोर तेव्हा तीन वर्षांचं. त्याला विचारायचा प्रश्न नव्हता. पण सहा वर्षांचं झालं, सात वर्षांचं झालं, तेव्हा होता. तेव्हाही मी विचारलं नाही.

केस वाढले. दाट, बापासारखे. अव्वा तेल लावून वेणी घालायची, कारण मोकळे सोडले तर उवा आवरायच्या नाहीत. त्याला शाळेत घातला तोवर आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. त्यावरही मी पत्रकं काढली, ती गोष्ट वेगळी. शाळेत मराठी पोरं होती, कानडी पोरं होती, कोंकणी होती. एरवी त्यांचं एका गोष्टीवर एकमत होत नसे. याला मात्र सगळी मिळून कानडीत हाक मारायची, ‘ए हुडगी!’ हुडगी म्हणजे मुलगी. एकदा त्याची वेणी खिडकीच्या गजाला बांधून ठेवली आणि पोरं घरी निघून गेली. अण्णाने जाऊन सोडवला. गजाला ओढून ओढून मानेमागची कातडी सोलली होती.

मी शाळेत गेले. मास्तर कानडी मुलखातले, नवे, भले गृहस्थ. मी त्यांना राष्ट्रकार्य म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि आपल्या मराठीत म्हणाले, ‘सगळा बरोबर हाय बाई. पन पोराचा मान दुखतंय की.’

मी त्यांना प्रतिगामी म्हणाले. हा शब्द त्यांना समजला नाही ते बरं झालं.

त्या रात्री जेवताना पोर म्हणालं, ‘आई, गोवा कधी सुटणार?’

‘सुटेल हं, राजा.’

‘लवकर सुटंल काय?’

अव्वा भाकरी थापत होती. ती म्हणाली, ‘त्याला न्हाव्याकडं जायाचं हाय. गोवा सुटू दे न्हाईतर बुडू दे.’

मी हसले. आणि पुढच्या सभेत काय सांगितलं? ‘माझा एवढासा बाळ रोज रात्री मला विचारतो, आई, गोवा कधी सुटणार?’ पुढाऱ्यांनी खिशातून रुमाल काढला. पुढे तर हे दुसरे वक्तेही सांगू लागले. गाडीवर माझ्या पायाशी पोर बसलेलं असायचं, सगळं ऐकत, वेणीचं टोक तोंडात धरून चघळत.

वाट बंद होती असं मी म्हणत आले. रेल्वे बंद होती, हे खरं. पण कुवेशीच्या बाजूने रानातून माथ्यावर चढून पलीकडे उतरायची कुणब्यांची पायवाट कुठलं सरकार बंद करणार? त्यांचं अर्धं गणगोत पलीकडे. ते नाचणी घेऊन जात, मीठ आणि सुकी मासळी घेऊन येत. माथ्यावर, अगदी हद्दीवर, एका झाडाखाली दगडाचा देव आहे. येता-जाता त्याला हिरवी डहाळी वाहायची. आणि वर्षातून एक दिवस, भातकापणी उरकली की, दोन्हीकडची माणसं तिथे जमायची. तेल तिकडच्यांनी आणायचं, वात इकडच्यांनी, आणि दिवा एक. मग आपापली शिदोरी सोडून एका पंगतीला बसायचं. दोन्हीकडचे पोलीस त्या दिवशी दुसरीकडे बघत. त्यांनाही रान तुडवायचा कंटाळा.

कुवेशीची एक कुणबी म्हातारी आमच्याकडे मासळी घालायला यायची. दात थोडे, तोंड फाटकं. नाकेबंदीच्या पहिल्याच वर्षी ती टोपली उतरवून म्हणाली, ‘गो बाये, तुजो घोव वयर येवन बसला. देवाकडे. पोराक घेवन यो म्हणटा.’

नवरा माथ्यावर येऊन बसला होता. पोराला घेऊन ये म्हणत होता.

मी ताठ उभी राहिले. ‘त्याला सांग, गुलामीच्या हद्दीला मी पाय लावणार नाही.’

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. ‘गुलाम खंय गो? तो झाडाबुडीं बसून बिडी ओडटा.’

अव्वा तोंडावर हात धरून हसली. मी आत निघून गेले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा निरोप. तिसऱ्या वर्षी पुन्हा. चौथ्या वर्षी म्हातारी म्हणाली, सासूबाई गेल्या, शेवटपर्यंत नातवाच्या जावळाचं काढत होत्या. तो तरीही आला होता म्हणे, मुंडण केलेल्या डोक्याने, पोरासाठी चणे घेऊन. चण्यांची पुडी म्हातारीने माझ्या हातावर ठेवली. मी पोराला चणे दिले आणि कुणी दिले ते सांगितलं नाही.

त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा चिडला. ‘तू येऊ नको. मी नेतो पोराला. सकाळी जाऊ, सांजेला परत. बाप बघंल, पोरगं बघंल, झालं.’

‘चौकीवर धरलं तर?’

‘कुणबी रोज जात्यात की! मला काय शिंगं हायत?’

‘अण्णा, नको.’

‘पण का नको ते तरी सांग!’

आणि माझ्या तोंडून गेलं, ‘उद्या सभेत काय सांगू मी लोकांना?’

आमच्या अण्णाला रागावताना शिव्या देता येत नाहीत, तो फक्त हळू बोलायला लागतो. तो म्हणाला, ‘मला वाटत हुतं तुला नवरा आवडत न्हाई. ते एक चाललं असतं. कुणाला आवडत न्हाई, काय करणार? तुला पोराचा बाप नसल्याला पाहिजे. भाषणाला.’

हे ऐकून मी सुधारले असते तर ही वेगळी हकीकत झाली असती. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. आणि त्याच महिन्यात अणशीला जे भाषण केलं ते माझं सर्वांत गाजलेलं भाषण.

शेवटी गोवा मुक्त झाला. डिसेंबरची थंडी, विमानांचे आवाज, मग रेडिओवर बातमी. कॅसलरॉकच्या प्लॅटफॉर्मवर गुलाल उधळला. कुणी गुळाची ढेप फोडली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. ज्यांच्या लेकी खाली अडकलेल्या, त्या खऱ्या रडत होत्या. मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं लोकांनी. इतकी वर्षं घसा कोरडा करून जे मागितलं ते मिळालं होतं आणि मला त्याची भीती वाटत होती. रेघ पुसली गेली. आता तो येणार, नाहीतर मला जावं लागणार, आणि पोर विचारणार.

पोराने गुलालही घेतला नाही, गूळही घेतला नाही. ते सरळ घरी पळत आलं आणि अण्णापुढे उभं राहिलं. ‘मामा, सुटला! चल!’

पुढारी आठवड्याने आले. त्यांनी बेत आणला होता: बँडबाजा, हार, फोटोवाला, हद्दीवर समारंभपूर्वक जावळ. ‘ताई, तुमच्या शपथेची सांगता! वर्तमानपत्रांत येईल.’

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाला, ‘साहेब, मांडी माझी हाय. माझ्या मांडीवर फोटोवाला बसायचा न्हाई.’

आम्ही तिघंच गेलो. अण्णा, पोर आणि मी, त्या कुणब्यांच्या वाटेने, कारण खाली पूल उडवलेले होते आणि गाडी अजून सुरू नव्हती. वाट इतकी सोपी होती! कडे होते, चढ होता, पण पहाटे निघून ऊन चढायच्या आत आम्ही माथ्यावर होतो. कुठेही तार नाही, खांब नाही. झाडाखाली देव होता आणि त्याच्यावर वाळक्या डहाळ्यांचा ढीग. शेजारी एक बसकट धोंडा होता, त्याच्या भोवती विड्यांची थोटकं. पोराने विचारलं, इथे कोण बसतं? अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘येणारा-जाणारा.’

सासरी पोचलो तेव्हा नवरा दुकानाच्या पायरीवर उभा होता. कुणीतरी पुढे जाऊन वर्दी दिली असणार. तो म्हातारा झाला नव्हता, फक्त बारीक झाला होता. टोपी हातात घेऊन उभा राहिला. कुणापुढे टोपी काढायची याचा मला जन्मभर राग. त्या दिवशी तो पोरापुढे टोपी काढून उभा होता आणि मला मान वर करता येईना.

‘यो,’ तो म्हणाला. एवढंच. मग पाय धुवायला पाणी.

दुसऱ्या दिवशी देवळात जावळ. एरवी हे बाळाचं काम. पोर रडतं, मामा त्याला मांडीवर दाबून धरतो, बायका गाणी म्हणतात. इथे नऊ वर्षांचा आडमाप मुलगा मामाच्या मांडीवर बसवायचा!

‘अरे पाय कुठं ठेवतोस? माझ्या पोटात?’ अण्णा ओरडला. ‘वर बस. वर! आता मांडी मोडली बघ रेल्वेची!’

देवळातल्या बायका हसून लोळल्या. न्हावी वेणी हातात धरून म्हणाला, इतक्या वर्षांच्या धंद्यात आपण जावळाला कात्री लावलेली नाही, वस्तऱ्याने हे रान कसं उतरायचं? पोरही हसत होतं. आधी कात्रीने वेणी पडली. पोराने मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली, हलकी झाली का ते बघत. मग वस्तरा. पाण्याचे थेंब त्याच्या नाकावरून ओघळत होते. मानेमागे खिडकीच्या गजाचा जुना व्रण निघाला, पांढरा, बोटभर. नवरा पुढे झाला आणि त्या व्रणावर त्याने अंगठा ठेवला. ‘हें कितें?’ पोर म्हणालं, ‘शाळेत लागलं.’ आणखी काही सांगितलं नाही त्याने. मला वाचवलं.

जेवायला सगळे ओसरीवर बसले. केळीची पानं, उकडा भात, डाळ, वर नारळाचं वाटण घातलेली भाजी. अण्णा, नवरा, पोर एका ओळीत, दोनचार शेजारी. मी वाढत होते. पोर गुळगुळीत डोक्यावरून सारखा हात फिरवत होतं. खाता खाता त्याने बापाला विचारलं. गाडीवरच्या भाषणांत ऐकलेल्याच भाषेत विचारलं, कारण बापाविषयी त्याला दुसरी भाषा मी दिलीच नव्हती.

‘फिरंग्यांनी तुम्हाला आमच्याकडे येऊ दिलं नाही ना?’

‘तुम्हाला’ म्हणाला. शेजाऱ्याला म्हणावं तसं.

नवऱ्याचा घास हातात राहिला. त्याने वर बघितलं, माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मला बळ आलं असतं. मी भांडले असते, मला तेवढं येतं. त्याने बघितलं आणि पोराकडे वळून म्हणाला, ‘वाट बंद आसली रे, बाबा.’

अण्णाने पानावरचा भात कालवायला सुरुवात केली. जोरजोराने. सगळं मिटत होतं. माझं वाक्य, जे मी इतकी वर्षं गावोगाव विकलं, ते त्याने माझ्यासाठी स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या पोराला सांगितलं होतं. मी फक्त डाळ वाढायची होती.

‘बंद नव्हती,’ मी म्हणाले.

अण्णा म्हणाला, ‘बाय, जेवू दे पोराला.’

‘बंद नव्हती. काल आपण आलो तीच वाट. तुझे बाबा दर वर्षी माथ्यावर येऊन बसायचे, तुला बघायला. मला निरोप यायचे. मी तुला नेलं नाही. फिरंग्यांनी नाही, मी.’

बोलायची रीत माझी ही अशी. जेवणाच्या पानावर, चार माणसांत, घोषणा दिल्यासारखं. हळू सांगता आलं असतं. एकटं घेऊन सांगता आलं असतं. सत्य सांगितलं याची मला शाबासकी नको, कारण सांगतानासुद्धा मी आधी स्वतःला मोकळं केलं आणि पोराचं मग बघितलं.

पोर माझ्याकडे बघत होतं. त्याच्या डोक्यावर ते केस नसताना त्याचा चेहरा मला नवा होता, कपाळ मोठं, डोळे उघडे. तो रडला नाही. त्याने विचारलं, ‘दर वर्षी?’

‘दर वर्षी.’

‘पाऊस असला तरी?’

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. नवऱ्याने दिलं. ‘कापणी जातकच येतालों. तेन्ना पावस नासता,’ तो म्हणाला. कापणी झाल्यावर यायचो, तेव्हा पाऊस नसतो. जशी काही पोराला पावसाचीच काळजी पडली होती आणि ती मिटवणं सर्वांत आधी गरजेचं होतं.

पोराने मान हलवली. मग आपलं पान उचललं आणि थोडं सरकवलं, बापाच्या पानाला लागेल इतकं. बसायची जागा बदलली. पुन्हा जेवायला लागलं.

निघताना पोर म्हणालं, मी इथे राहतो. अण्णाने विचारलं, ‘किती दिवस रे?’ तो म्हणाला, ‘बघू.’ हा शब्द आमच्या घरात मी वापरते. कुणाला टाळायचं असेल तेव्हा. मी ट्रंकेतून त्याचे कपडे काढून दिले. नवऱ्याने ते घेतले आणि मला म्हणाला, तूही राहा. मनापासून म्हणाला. मी नाही म्हणाले, आणि या वेळी त्याला खरं कारण सांगितलं: तुझ्या दुकानात बसून मला तुझ्याकडे रोज बघवणार नाही. त्याने समजल्यासारखं केलं. कदाचित समजलंही असेल.

आता गाडी सुरू आहे. मधल्या चौक्या गेल्या, लाडवांचा डबा कुणी उघडत नाही. मुलगा मे महिन्यात येतो, दिवाळीत येतो. शाळा तिकडे, बोलतो कोंकणी. उंच झाला आहे. केस बारीक कापून घेतो, दर पंधरवड्याला, बाप स्वतः घेऊन जातो म्हणे. मी अजून पत्रकं लिहिते. खाणींतल्या मजुरीवर लिहिते, रानातल्या माणसांच्या जमिनींवर लिहिते, आणि लिहिताना एखादं वाक्य फार छान जमलं की खोडते.

गेल्या मे महिन्यात तो आला तेव्हा मी स्टेशनवर उभी होते. पिशवी माझ्या हातात देईना, जड नाही म्हणाला. घरी आलो. अव्वाने त्याला कुरवाळलं, अण्णाने त्याच्या डोक्यावर टपली मारली. मग तो खोलीच्या मधोमध पिशवी घेऊन उभा राहिला. याच खोलीत तो तीन वर्षांचाही नसताना आला होता आणि नऊ वर्षांचा होऊन गेला होता. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे मला विचारलं, ‘ही कुठे ठेवू?’

मी म्हणाले, ‘कुठेही ठेव.’

त्याने ती दाराजवळ ठेवली.